पोथ्यांच्या कपाटातली डबी

बोरसळ (कुंडलजवळ)
१८ मार्च २०२५

चि. ब्राह्मीस मामीचे आशीर्वाद. जय जिनेंद्र.

पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे खुशाल आहेत. अष्टाह्निक पर्वात मुनीमहाराजांसमोर बायका एकेक त्याग सांगत होत्या. कुणी गूळ सोडला, कुणी रात्रीची मालिका. माझी पाळी आली आणि तोंडातून निघून गेलं, "मोबाईल. श्रुतपंचमीपर्यंत." घरी आल्यावर तुझे मामा म्हणाले, "महाराजांचे लय उपकार झाले." तेव्हा आता जे काय असेल ते टपालानं. मामांच्या फोनवर निरोप ठेवू नकोस. ते ऐकतात एक आणि मला येऊन सांगतात दुसरंच.

हा कागद म्हणजे लालासाहेबांच्या धाकट्याच्या लग्नाची पत्रिका. पाठ कोरी होती, टाकवेना. पुढची बाजू वाचू नकोस, लग्न होऊन गेलं.

तर तुमच्या प्रयोगशाळेतला जयराज काल येऊन गेला. बस्तीत, आपल्या देवळातल्या पोथ्यांच्या कपाटात, त्यानं एक पांढरी डबी ठेवली, हळदीकुंकवाच्या डबीएवढी. दुसरी खिडकीत ठेवली, तिच्यात सिमकार्ड आहे. कपाटात दमट किती, उष्ण किती, हे आतली डबी बाहेरचीला सांगणार आणि बाहेरची तुला साताऱ्याला कळवणार, तेही बिनतारी. मी म्हटलं, "अरे, तिला पोथी वाचता येत न्हाई, मग पोथीचं दुखणं कसं कळणार?" तो म्हणाला, "काकू, तुम्हाला तरी येते का वाचता?" आता जुनी कानडी अक्षरं गावात कुणालाच येत नाहीत, म्हणून मी त्याला चहा विचारला. पोरगा चांगला आहे, पण स्टँडवर कांदाभजी खाऊन आला होता. ते मला तो दारात असतानाच कळलं, आणि त्याच हातानं त्यानं डबी ठेवली.

असो. डबी आता माझ्याकडं लागली. सासूबाईंनी कपाटाची किल्ली माझ्या पदरात घातली तेव्हापासून त्या कपाटात अशुद्ध काही गेलेलं नाही. हिचीही व्यवस्था तशीच राहील.

एक शंका. खिडकी पुसताना सिमकार्डवालीला हात लागला तर माझा नियम मोडतो का? तुला माहीत नसेल. बस्तीतल्या उपाध्यांना विचारते.

तुझी,
त्रिशलामामी


सातारा
२९ मार्च

ती. मामीस सा. न. जय जिनेंद्र.

पत्र आलं तेव्हा ऑफिसातल्या सगळ्यांनी पाकीट हातात घेऊन बघितलं. हाताचं पत्र येणारी मी इथं एकटीच.

आता कामाचं सांगते. आमचे उदयसिंह सर जिल्ह्याजिल्ह्यांतल्या जुन्या पोथ्यांची पाहणी करत आहेत. ताडपत्राला दमट आणि कोरडं असं सारखं खाली-वर झालं की पानं वाकडी होतात, तडकतात, बुरशी धरते. ज्या गावात असं होतंय तिथल्या पोथ्या साताऱ्याच्या थंड खोलीत आणून ठेवायच्या, असं ठरलंय. तुमच्या विश्वस्तांनी संमतीची सही आधीच केली आहे. बोरसळचं नाव यादीत मीच घातलं, कारण माझी खात्री होती की आपलं कपाट उत्तम निघेल आणि पोथ्या कायमच्या गावातच राहतील.

पण मामी, रोज पहाटे सहाच्या आत डबीचा दमटपणा एकदम शंभराजवळ जातो. म्हणजे पाण्यात बुडाल्यासारखा! दुपारपर्यंत हळूहळू उतरतो. रोज तेच. कपाटामागच्या भिंतीत पाणी मुरतंय का? अभिषेकाचं पाणी कुठून जातं? जरा बघाल का?

तुमची,
ब्राह्मी

ता. क. पत्रिकेची पुढची बाजू वाचली. जेवणाची वेळ "आपल्या आगमनापर्यंत" अशी छापली आहे.


बोरसळ
४ एप्रिल

चि. ब्राह्मीस आशीर्वाद.

पोथ्या साताऱ्याला? श्रुतपंचमीला आम्ही वेष्टनं सोडायची, नवी बांधायची आणि पूजा करायची ती कशाची? रिकाम्या कपाटाची? विश्वस्तांचं मला सांगू नकोस. त्यांना सही म्हटलं की पेन आधी बाहेर येतो आणि चष्मा मागून.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मामांना बस्तीच्या छपरावर चढवलं. त्यांना वरून काही सापडलं नाही, पण ते स्वतः अडकले. खालून सगळं गाव सल्ले देत होतं. शेजारचा बिराप्पा ओरडत होता, "जवाहरअण्णा, डावा पाय खाली सोडा! आवं, डावा! तुमचा डावा!" शेवटी उसाच्या फडावरची शिडी आणली. अभिषेकाचं पाणी उत्तरेच्या मोरीनं जातं, कपाट दक्षिणेला. तिथं काही नाही.

तरी मनाची खात्री व्हावी म्हणून बस्तीबाहेर, कपाटामागच्या भिंतीला लागून, एक भाजलेला पापड रात्रभर ठेवला. दमट असतं तर सकाळी मऊ पडला असता. कडकच्या कडक निघाला. तुला पाठवणार होते, पण मामांनी खाल्ला.

म्हणजे भिंत कोरडी, छप्पर कोरडं. राहिली कोण? डबी. माझ्या मते तिलाच सर्दी झाली आहे. साताऱ्याची हवा वेगळी, इथली वेगळी. मी बघते तिचं. तू लहानपणी सुट्टीला यायचीस आणि नाक गळायला लागायचं, तेव्हा मी जे करायची तेच करते.

उपाध्ये म्हणाले, सिमकार्डवालीला हात लागला तर नियम मोडत नाही, तिच्याशी गप्पा मारल्या तर मोडतो.

त्रिशलामामी


सातारा
१४ एप्रिल

ती. मामीस सा. न.

मामांचा पाय बरा आहे ना? पापडाचा प्रयोग मी सरांना सांगितला नाही.

मामी, आता वेगळंच सुरू झालंय. पहाटेचा दमटपणा आहेच. पण त्यानंतर अकराच्या सुमारास कपाटात सत्तेचाळीस अंश उष्णता दाखवते! सर मला म्हणाले, "मिस, हे पोथ्यांचं कपाट आहे का तवा?" आणि दुपारनंतर इतकं कोरडं पडतं की वाळवंट बरं. संध्याकाळी पुन्हा ठीक. एका दिवसात पावसाळा, उन्हाळा आणि राजस्थान. अशानं ताडपत्राची एक पट्टी धड राहायची नाही.

कपाटाजवळ कुणी समई ठेवतं का? धूप? इस्त्री? आठवून सांगा. सरांनी बोरसळच्या नावापुढं लाल खूण केली आहे.

ब्राह्मी


बोरसळ
२१ एप्रिल

चि. ब्राह्मीस आशीर्वाद.

लाल खूण पुसायला सांग. समई पहिल्यापासून चार खांब लांब आहे. धूप आता अंगणात घालतो. इस्त्री बस्तीत कोण करेल? तुमच्या सरांच्या घरी करतात का देवघरात?

आमचा बायकांचा स्वाध्याय कपाटाजवळ बसायचा. म्हटलं, एवढ्या जणींच्या अंगाची ऊब लागत असेल. सगळ्यांना ओवरीत बसवलं. प्रीतीवहिनी फणकाऱ्यानं म्हणाल्या, "काय त्रिशलाक्का, काल आलेली डबी आत आनि आमी चाळीस वर्सांच्या भायेर व्हय?" मी म्हटलं, "वहिनी, पोथ्या वाचवायच्या हाईत. थोडं सोसा." तर म्हणाल्या, "डबीची लय थेरं हाईत बाई. सुनंची एवढी केली न्हाईस." हे त्यांनी माझ्या सुनेसमोर म्हणावं का?

डबीवर माझे उपाय चालूच आहेत. सर्दी पुरती गेलेली नाही. सकाळचं नित्याचं झालं की लगेच ऊन देते, मग गरम जागी ठेवते. ते सगळं लिहीत बसत नाही, तुझी कामं असतील.

एक विचारते. मागच्या आठवड्यात एका कोपऱ्यातलं वेष्टन सोडून पोथी बघितली. पान सरळ आहे, सुरेख आहे, सासूबाईंच्या वेळी होतं तसंच. मग डबी कुणाचं दुखणं सांगते आहे?

त्रिशलामामी


सातारा
३ मे

ती. मामीस सा. न.

कसं लिहू कळत नाही. दोनदा कागद फाडला. (तुम्हाला राग येईल, पण एकच बाजू लिहिलेली होती.)

सरांनी निर्णय केला. २४ मेला गाडी येईल आणि सगळ्या पोथ्या साताऱ्याला आणील. म्हणजे ३१ मेच्या श्रुतपंचमीच्या आधीच. मी म्हटलं, निदान पूजा होऊ द्या. ते म्हणाले, "आकडे बघ. तिथं आणखी एक आठवडा म्हणजे पोथ्यांचा खून." पान सरळ आहे हेही सांगितलं. ते म्हणाले, तडा बाहेरून शेवटी दिसतो.

मामी, डबी मीच पाठवली. तुम्ही मला काहीही बोला.

ब्राह्मी


बोरसळ
८ मे

ब्राह्मीस,

आशीर्वाद आहेत, पण आज घाईत आहेत.

खून? कुणाचा खून? ज्या घरात मुंगी मरू नये म्हणून पीठ तीनदा चाळतात तिथं खून? तुझ्या सरांना म्हणावं, बोरसळला येऊन माझ्या तोंडावर बोला.

त्या डबीसाठी मी काय केलं नाही ते सांग! रोज पहाटे पोथ्यांचं दर्शन घ्यायच्या आधी माझी आंघोळ, मग तिची आंघोळ. विहिरीचं ताजं पाणी, तेही दुहेरी फडक्यानं गाळलेलं. तीनदा बुडवते, कोरड्या पंच्यानं पुसते, मगच कपाटात. कांदाभजीच्या हातची डबी जिनवाणीशेजारी तशीच ठेवीन असं वाटलं का तुला? पहिल्या दिवसापासून एक दिवस चुकलेला नाही. तू म्हणालीस दमट आहे, म्हणून सर्दी समजून रोज गच्चीत सांडग्यांच्या शेजारी ऊन दिलं. कावळ्यानं नेऊ नये म्हणून मामांना काठी घेऊन बसवलं. ऊन झालं की ऊब राहावी म्हणून तांदळाच्या डब्यात पुरते, वर झाकण. दिवस मावळायच्या आत पुन्हा कपाटात, कारण पोथ्यांजवळ रात्री कुणीतरी असावं. माझ्या पोटच्या पोरांना इतकं न्हाऊमाखू घातलं नाही.

आणि एवढं करून ती साताऱ्याला माझ्याच चुगल्या सांगते?

गाडी आली तर मी कपाटापुढं बसेन. किल्ली माझ्याकडं आहे.

त्रिशला


सातारा
११ मे (कुरिअरनं)

मामी!!!

आंघोळ???

तुमचं पत्र मी कँटीनमध्ये उघडलं. "तीनदा बुडवते" वाचलं आणि चहा नाकातून आला. मग रडू आलं. मग पुन्हा हसू. जयराजनं पाणी आणून दिलं, त्याला वाटलं कुणी गेलं.

अहो मामी, डबीला सर्दी नाही हो! ती स्वतः जिथं असते तिथलं सांगते. तुम्ही आंघोळ घातलीत, तिनं सांगितलं पाणी. गच्चीत ठेवलीत, सांगितलं ऊन. तांदळात पुरलीत, तिनं तांदळाची हवा सांगितली. आम्ही दोन महिने तुमच्या विहिरीचं, गच्चीचं आणि तांदळाच्या डब्याचं संशोधन करत होतो. पोथ्यांजवळ ती नीट असायची फक्त रात्री, आणि रात्रीचे आकडे, मामी, सगळे चांगले आहेत!

पत्र घेऊन सरांकडं गेले. त्यांनी पूर्ण वाचलं. "तीनदा"खाली पेन्सिलनं रेघ ओढली. मग विचारलं, "साबण लावतात का?" मी म्हटलं, नाही. म्हणाले, "तरीच टिकली."

२४ची गाडी रद्द नाही, पुढं ढकलली. श्रुतपंचमी होईपर्यंतचे आकडे सर बघणार आहेत. ते चांगले आले तर पोथ्या गावात, नाहीतर दुसऱ्या दिवशी गाडी. एकच अट: डबी कपाटात ठेवायची आणि बाहेर काढायची नाही. आंघोळ बंद.

तुमची,
ब्राह्मी


बोरसळ
१४ मे

चि. ब्राह्मीस आशीर्वाद.

समजलं. मला थोडं हसू आलं, मामांना जास्त आलं. काठी घेऊन दीड महिना कावळे राखले म्हणून ते आता गावभर सांगतात की सरकारी कामावर होतो.

पण आंघोळ बंद करता येणार नाही. तू शिकलीस, चांगलं झालं, पण तूही याच घरची भाची. पारोशी वस्तू रात्रंदिवस पोथ्यांना लागून? सासूबाई ताप असताना गार पाण्यानं न्हाऊन कपाट उघडायच्या. माझ्या हातून हा पायंडा मोडणार नाही.

सरळ उपाय सांगते. डबी तुम्ही न्या, पोथ्या राहू द्या.

त्रिशलामामी


सातारा
१६ मे (कुरिअरनं)

ती. मामीस सा. न.

डबी नेली तर सर पोथ्याही नेतील. डबीच आता पोथ्यांची वकील आहे हो. तिला आंघोळीसाठी बाहेर काढलं की साक्ष फिरते.

मामी, रागावू नका, पण एक विचारते. आपल्या धर्मात आंघोळ न करता सगळ्यांत पवित्र कोण? आपले मुनीमहाराज. अस्नान हा तर त्यांचा मूळ गुण. दीक्षा घेतली की आंघोळ संपली. मग डबीनं कपाटात एक जागा धरली, मौन धरलं, प्रपंच नाही, खाणं नाही, तर तिला आंघोळ कशाला?

पत्र मिळताच काय ते ठरवा. दिवस थोडे आहेत.

ब्राह्मी


बोरसळ
२० मे

चि. ब्राह्मीस आशीर्वाद.

डबीला मुनींच्या पंक्तीला बसवू नकोस. पाप लागेल. मुनी सगळं सोडतात. डबीनं काय सोडलं? तिला अजून बॅटरी लागते. मुनींचं ते वाक्य लिहिल्याबद्दल तू एक दिवस गोड सोड.

पण तुझं पत्र घेऊन मी उपाध्यांकडं गेले, हे खरं. झोपच लागेना. सन्मती उपाध्ये किती सावकाश बोलतात तुला माहीत आहे. पत्र वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग विचारलं, "त्रिशलाक्का, कपाटाला आंगूळ घालता का?"

मी म्हटलं, "कपाटाला कशाला? ते आतच असतं."

"बिजागरीला?"

"नाही."

"कुलपाला?"

"आवं उपाध्ये, ते कपाटाचंच हाय की."

"मग डबी एकदाची आत गेली आनि भायेर आलीच न्हाई, तर ती कुनाची?"

म्हणजे कपाटाचीच. खरं म्हणजे डबी अशुद्ध होत होती ती मीच तिला रोज बाहेर फिरवत होते म्हणून. गच्चीत न्यायची, कावळ्याखाली ठेवायची, तांदळात घालायची, मग आंघोळ लागणारच.

म्हणून काल तिला शेवटची आंघोळ घातली. जरा वाईट वाटलं, सवय झाली होती. पुसून, पूर्ण वाळवून, कपाटात मधल्या फळीवर ठेवली आणि कुलूप घातलं. किल्ली उपाध्यांकडं दिली. कारण मला माझा भरवसा नाही. आज पहाटे विहिरीवर पाणी गाळून झाल्यावर हात आपोआप डबी शोधत होता. शेवटी लिंबू धुतलं.

इथं दोन दिवस पाऊस थांबायला तयार नाही. एरवी मे महिन्यात असा पडत नाही. भिंती घामेजल्या आहेत, पापड मऊ पडतात, मीठ गळतं. आणि नेमके हेच दिवस तुझे सर बघणार. कपाट माझ्या डोळ्यांसमोर आहे आणि किल्ली नाही. पोथ्या आत कशा असतील, ते डबीला माहीत आणि तुला. मला तेवढं नाही.

काही वाईट असलं तरी लपवू नकोस. मग श्रुतपंचमीची पूजा जरा जास्त वेळ करीन.

त्रिशलामामी


सातारा
२ जून

ती. मामीस सा. न. जय जिनेंद्र.

गाडी आली नाही हे तुम्ही बघितलंच असेल. तुमचा मोबाईलचा नियम संपला, पण कारण पत्रातच वाचा.

तो सगळा आठवडा खिडकीतल्या डबीनं ओरडून सांगितलं, पाऊस, पाऊस, पाऊस. कपाटातली मात्र जणू दुसऱ्या गावात राहते. आलेखातली तिची रेघ सरळच्या सरळ. जाड सागवान, घट्ट दार आणि प्रत्येक पोथीवर तुमचं सुती वेष्टन. बाहेरचा दमटपणा आत पोचेपर्यंत दमतो. सरांनी रेघेवरून बोट फिरवलं, शेवटाला आले आणि थांबले. परवा सकाळी तिथं एक छोटा उंचवटा होता. मला वाटलं, मामीनं घातली आंघोळ! सर म्हणाले, "घड्याळ बघ. पूजेची वेळ आहे. कपाट उघडं होतं आणि समोर सगळं गाव श्वास घेत होतं." मग त्यांनी लाल खूण खोडली. पोथ्या बोरसळातच राहणार. कागदावर शिक्का झाला.

आता एक नाजूक गोष्ट. त्याच पावसात इथली वीज गेली आणि जनरेटर सुरूच होईना. आमच्या थंड खोलीतल्या डबीनं जे आकडे दाखवले ते सरांनी कुणाला दाखवले नाहीत. तिथं कवठे महांकाळकडची एक ताडपत्री पोथी आहे, तीही जुन्या कानडीतली. घरात सांभाळणारं कुणी उरलं नाही म्हणून म्हाताऱ्या मालकांनी ती आमच्या हवाली केली होती. सर विचारत होते, म्हणजे मला विचारायला लावत होते, की तुमच्या कपाटात जागा आहे का? मालकांना विचारून झालं आहे. त्यांना आनंदच आहे.

तुमची,
ब्राह्मी


बोरसळ
१२ जून

चि. ब्राह्मीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी ओवरीत उभी राहून मोठ्यानं वाचलं. प्रीतीवहिनी म्हणाल्या, "बरं झालं बाई, डबी आपल्या बाजूची निघाली." आता स्वाध्याय पुन्हा आत बसतो, फक्त कपाटापासून दोन हात लांब, कारण आमच्या श्वासाचीही नोंद होते हे सगळ्यांना कळलंय. मामा तर बस्तीत शिरताना नाक धरतात.

काल उदयसिंह सर स्वतः पोथी घेऊन आले. उंच, गोरे, जरा घाबरलेले. दारातच म्हणाले, "ताई, मी आंघोळ करून निघालोय." मी म्हटलं, "पाय धुवा, तेवढं पुरे." खुनाचं बोलायचं मनात होतं, पण पोथी त्यांनी छातीशी अशी धरली होती की बोलवेना. जेवायला घातलं. दोनदा आमटी घेतली.

उपाध्यांनी कपाट उघडलं. पोथीचं जुनं कापड काढून नवं वेष्टन बांधलं. पाच-सहा पानं कडेला वाकली आहेत, सर म्हणाले हळूहळू बसतील. आमच्या पोथ्यांसारखीच अक्षरं, आणि आम्हाला तितकीच न कळणारी.

सर तिला खालच्या फळीवर ठेवायला निघाले होते, तिथं मोकळी जागा आहे म्हणून. मी म्हटलं, नको. परक्या गावाहून एकटीच आली आहे. आमच्या दोन पोथ्यांच्या मधे ठेवली, दोन्ही बाजूंनी टेकायला होईल अशी.

तुझी,
त्रिशलामामी